आधी कुकीज उडवा

नानांना तुम्ही ओळखता. तुमच्या तालुक्यात त्यांचं नाव बापू असेल, शेठ असेल, नाहीतर नुसतं ‘ते सेंटरवाले’ असेल. दोन संगणक, एक लॅमिनेशनचं यंत्र, भिंतीवर रांजणगावच्या महागणपतीचं कॅलेंडर आणि काउंटरवर ‘उधारी बंद’ची पाटी, एवढ्या भांडवलावर निम्म्या तालुक्याचे दाखले, उतारे आणि अर्ज ओढणारा माणूस. आमचे नाना शिरूरचे. म्हणजे घोडनदीचे, ‘शिरूर’ त्यांना फक्त फॉर्मवर चालतं.

तर या नानांकडे एकच औषध आहे. सातबारा उघडत नाही? आधी कुकीज उडवा. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मधेच अडकला? कुकीज. प्रिंटरमध्ये कागद गुंतला तेव्हासुद्धा नानांची डावी बोटं कंट्रोल आणि शिफ्टवर आणि उजवं डिलीटवर गेलेलं मी पाहिलं आहे. कारखान्याचं उसाचं बिल थकलं म्हणून एक बागाईतदार बाकावर बसून कुरकुरत होते, तर नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘चेअरमनच्या कुकीज उडवायला पायजेत एकदा.’ बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुकीज म्हणजे काय हे त्यांतल्या कोणालाही माहीत नव्हतं, पण चेअरमनचं काहीतरी उडवावं यावर एकमत होतं.

उपाय अगदीच खोटा असता तर बरं झालं असतं. पण तो अधूनमधून लागू पडतो, हीच पंचाईत आहे. वेब हा मुळात विसराळू कारभार. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, की ओळख संपली. पुढच्या पानाला ‘आपण कोण?’ पुन्हा सुरू. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंतुली या इंजिनिअरने तोड काढली. संकेतस्थळाने ब्राउझरकडे एक छोटीशी नोंद सांभाळायला द्यायची आणि ब्राउझरने दर खेपेला ती दाखवायची. हीच कुकी. लॉगिनच्या कुकीत बहुधा तुमचं नाव नसतं की गाव नसतं, नुसता एक लांबलचक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माणूस कोण, हे सर्व्हरला ठाऊक. सर्व्हरने आपल्याकडची नोंद पुसली की ‘आपला सेशन संपला आहे’. मग ब्राउझर जुनाच क्रमांक पुढे करत राहतो, आणि एखादं गबाळं पोर्टल त्याने इतकं गोंधळतं की लॉगिन केलं तरी परत लॉगिनच्याच पानावर आणून सोडतं. अशा वेळी कुकीज उडवल्या की काम होतं. नानांच्या आयुष्यात हे असं एकदा झालं असावं, आणि तेव्हापासून ते कोणाचं ऐकत नाहीत.

त्यांचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला आला असताना त्याने शांतपणे समजावलं की मामा, सगळं पुसायची गरज नसते. पत्त्याच्या डावीकडे ती बारीक खूण असते ना, तिथून अडलेल्या एकाच साईटचा डेटा काढता येतो. नाना म्हणाले, ‘एकाच साईटचा? आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?’ ब्राउझर विचारतो, किती काळाचं पुसू: शेवटचा तास, शेवटचा दिवस, की सगळाच काळ? नानांच्या मते पहिले दोन पर्याय भित्र्या माणसांसाठी ठेवलेले आहेत. त्यांनी भाच्याच्याच लॅपटॉपवर प्रात्यक्षिक करून दाखवलं. सगळाच काळ. समोर दिसेल त्या प्रत्येक चौकोनात टिक. त्यातला एक चौकोन साठवलेल्या पासवर्डचा होता. भाचा भाऊबिजेला थांबला नाही.

पण खरा प्रसंग तात्काळचा. शिरूरला रेल्वे नाही. तिकीट शिरूरला काढायचं आणि न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस करत गाडी दौंडला जाऊन धरायची, हा इथला रिवाज. छठपूजेच्या आधी रांजणगावच्या एमआयडीसीतली बिहार-उत्तर प्रदेशची पोरं नानांच्या दारात गर्दी करतात. एसीचं तात्काळ दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. यांना स्लीपर हवा असतो. आयडी ज्याचा त्याचा, नाना फक्त संगणक आणि घाई पुरवतात. एक पोरगा लॉगिन करून, गाडी निवडून, श्वास धरून बसला होता. दहा अठ्ठावन्न झाले होते. पान जरासं अडखळलं. ‘रुकिए चाचा’ हे शब्द त्याच्या तोंडातून निघेपर्यंत नानांची बोटं जागेवर पोचली होती. सगळाच काळ. सगळेच चौकोन. ‘आता बघ कसं पळतंय!’

पोरगा लॉगिनच्या पानावर परत आला होता. आयडी, पासवर्ड, त्या वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा, पुन्हा कॅप्चा. आत शिरला तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती आणि यादी वेटिंगची होती. तो जनरलच्या डब्यातून, बहुतेक एका पायावर, गावी गेला. नानांना विचाराल तर ते आजही सांगतील, ‘वेटिंग लागलं ते रेल्वेचं. आपली बाजू क्लिअर होती.’

नानांची सासुरवाडी दौंडची, तीही रेल्वेतली. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे नगर-मनमाडकडच्या पुष्कळ गाड्या जंक्शनला न शिवता परस्पर जातात, पण पूर्वी पुण्याहून आलेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि मग ती नगरच्या दिशेने निघे. सासरे त्या काळातले. जावयाने एकदा त्यांच्या पेन्शनच्या लॉगिनवर आपला उपाय केला, तेव्हा ते म्हणाले, ‘जावईबापू, आम्ही इंजिन काढायचो, पण डबे रुळावर ठेवायचो.’ नाना यावर हसले. समजले असावेत असं वाटत नाही.

त्यांच्या रागाला एक जागा मात्र खरी आहे. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरताना शेतकरी पिशवीतून कागद शोधेपर्यंत पोर्टल त्याला बाहेर काढतं, म्हणे त्याच्याच सुरक्षेसाठी. त्याच शेतकऱ्याने त्याच ब्राउझरवर एकदा ट्रॅक्टरची किंमत पाहिली, की ट्रॅक्टरकर्जाच्या जाहिराती आठवडेच्या आठवडे पानोपानी त्याच्या मागे हिंडतात. त्यांचा सेशन संपत नाही. दुसऱ्याच कंपन्यांच्या या पाळतीवरच्या कुकीज क्रोममधून हद्दपार करू, असं गुगलने २०२० मध्ये जाहीर केलं, मुदत पुढे पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये बेत गुंडाळला. नाना तेच काम रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी करतात.

आणि हे कबूल करणं जिवावर येतं, पण त्या दुकानात ते करायलाच हवं. दिवसभर गावोगावची माणसं एकाच खुर्चीत बसतात. एक बाई आपलं बँकेचं खातं तसंच उघडं टाकून एसटी धरायला धावल्या. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत टेकणार तोच नाना आडवे आले. शिलकेच्या आकड्यावर तळहात ठेवून, मान वळवून, आधी लॉगआउट केलं आणि मग ती तीन बटणं. हा क्रम बरोबर आहे. नुसत्या कुकीज उडवल्या तर इथली खूण जाते, सर्व्हरकडे सेशन काही काळ जिवंतच राहू शकतो. हे त्यांना कोणी शिकवलं ठाऊक नाही. भाच्याने तर नक्कीच नाही.

अशा या माणसाच्या खणात एक लांबट चोपडी आहे आणि तीत शेकडो गिऱ्हाइकांचे पासवर्ड निळ्या शाईने लिहिलेले आहेत, गाववार. भाच्याने ती पाहिली तेव्हा तो खाली बसला. पण त्या माणसांना पासवर्ड पाठ राहत नाहीत, आणि दर खेपेला नवा काढायचा तर ओटीपीचा फोन शेतावर असतो. चोपडीत बैलांची नावं आहेत, नातींची आहेत. वारलेल्यांच्या नोंदीही आहेत. त्या नानांनी खोडलेल्या नाहीत.

परवा पारगावकडच्या एक बाई आल्या. नवरा पावसाळ्यात गेला. ठिबकचं अनुदान जमा झालं का, एवढंच बघायचं होतं. ओटीपीसाठी त्याचा फोन चार्ज करून, रुमालात बांधून आणला होता. नानांनी चोपडी काढली नाही. ‘सर्जा ॲट एक दोन तीन’ म्हणत पासवर्ड टाकला. पोर्टलने सांगितलं, पासवर्ड जुना झाला, नवा घ्या.

‘काय ठेवू, वहिनी?’

‘सर्जाच ठेवा की.’

आधी वापरलेला चालणार नाही, असं पोर्टल म्हणालं. मी नानांच्या बोटांकडे बघत होतो. ती कंट्रोलकडे गेली नाहीत. त्यांनी तीनच्या जागी चार केलं, पोर्टलने निमूट घेतलं, चोपडीत दुरुस्ती झाली. अनुदान आलेलं नव्हतं. त्याची प्रिंट काढून नानांनी दहा रुपये मागितले, आणि बाईंनी शंभराची नोट काढली तेव्हा सकाळपासून सगळे शंभराच्याच नोटा आणतात म्हणून त्यांच्यावर खेकसलेही.