मास्तरीणबाईंच्या पोरीचं जर्मन घर

"ऐकलं का? मास्तरीणबाईंची धाकटी जर्मनीला गेली म्हणे. तीही फुकटात राबायला!"

भिंतीपलीकडून काकूंनी बातमी टाकली. काकूंना सकाळी कळलेलं दुपारपर्यंत जयस्तंभ चौकात पोचतं, म्हणून मी मेथी निवडता निवडताच दुरुस्ती केली.

"फुकटात नाही हो. जर्मन सरकारची योजना आहे, वेल्टवेर्ट्स नावाची. 2008 मध्ये सुरू झाली तेव्हा तिकडची पोरं इकडं यायची. पुढं इकडच्यांनाही तिकडं जाता यायला लागलं. वय 18 ते 28. राहणं, जेवण, विमा, वर हातखर्चाला पैसे. पगार तेवढा नाही."

"अन् काम काय?"

"वृद्धाश्रमात. म्हाताऱ्यांना फिरवायचं, भरवायचं, पत्ते खेळायचे."

"घ्या! इथं आजीनं तांब्याभर पाणी मागितलं की हिचं डोकं मोबाइलात. बरं, राहते कुणाकडं?"

हा काकूंचा खरा प्रश्न. एका कुटुंबात राहते, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं आहेत, असं मी सांगितलं.

"परक्याच्या घरी? तरणीताठी पोर?"

"तुमचे सासरे खामगावला वार लावूनच शिकले ना? सात वार, सात घरं."

"ते आपल्यातले लोक होते."

"बरं, शेगावात 1878 साली महाराज प्रकट झाले, तेव्हा बंकटलालांनी त्यांना घरी नेलंच ना? ओळख ना पाळख."

महाराजांचं नाव निघताच काकूंनी हात जोडले. मी तेवढ्यात डॉ. कोटणिसांना पुढं काढलं. 1938 मध्ये चीनला मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यातले दोघं आपले मराठी: सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या लोकांतलेच होऊन गेले, 1942 मध्ये तिथंच वारले.

"शांतारामबापूंचा सिनेमा पाहिलाय मी," काकू म्हणाल्या. "लग्नही तिथंच केलं ना त्यांनी? मग! तेच तर म्हणते मी!"

यावर कोण काय बोलणार?

मग विषय जेवणावर आला. पोरीनं त्या घरासाठी शेगावची कचोरी नेली होती. मास्तरीणबाई पेढेही देणार होत्या, पण बाहेरून दुधामांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, ते घरीच राहिले. पहिल्या संध्याकाळी टेबलावर पाव, चीज, काकडी, लोणी. चुलीवरचं काही नाही; त्यांच्याकडं गरम जेवण बहुतेक दुपारी. घरच्या बाईनं पावाची टोपली पुढं केली. आपली पोर सवयीनं म्हणाली, नको. बाईनं टोपली उचलून नवऱ्यापुढं ठेवली. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. रात्री खोलीत बसून पोरीनं यजमानांसाठी नेलेल्या कचोऱ्यांतल्या दोन संपवल्या.

"अगं बाई! आग्रह म्हणून काही असतो की नाही?"

"त्यांना वाटतं, नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढणं म्हणजे त्याचं न ऐकणं. चारेक दिवसांत हीच सांगायला लागली, मला अजून भूक आहे. तर त्या बाईला केवढा आनंद! म्हणे, आता कळलं तुला काय आवडतं ते."

काकू गप्प झाल्या. हे जरा दुर्मीळच.

पाण्यावरून मात्र पोरीला कुणी बोललं नाही. त्या घरात गरम पाण्याचा खर्च सगळ्यांना डाचतो. आणि इथं येळगावच्या धरणाचं पाणी नळाला कधी येईल याची वाट बघत वाढलेली पोर, अंघोळ करून मिनिटांत बाहेर! पंचाईत केली ती कचऱ्यानं. कागद एका डब्यात, वेष्टनं दुसऱ्या, भाजीची सालं तिसऱ्या. चहाच्या पिशवीचं काय करायचं, हे धाकट्या मुलानं तिला शिकवलं आणि आठवडाभर शाळेत मिरवलं.

"भांडी पण घासायला लावतात म्हणे."

"घरातला प्रत्येकजण आपलं ताट उचलून मशीनमध्ये लावतो. हिनंही लावायचं. बाकी मोलकरणीसारखं राबवून घ्यायला ती तिथं गेलेली नाही. घर जमलंच नाही, तर तिला तिकडं नेणाऱ्या संस्थेला सांगून बदलून मागता येतं."

"अन् ते लोक इकडं आले तर?"

"येणारेत की, दिवाळीनंतर. लोणारचं सरोवर बघायचंय त्यांना."

काकूंचा सूरच पालटला. "मग माझ्याकडं उतरू दे! वरची खोली रिकामीच आहे. पुरणपोळी करते, वांग्याचं भरीत, ठेचा…"

"पण काकू, बाई एकदा नको म्हणाली की वाढायचं नाही."

"म्हणजे? उपाशी पाठवू पाहुणीला?"

हा वाद आमच्या भिंतीवर अजून चालू आहे. तुमच्या घरातून कुणी असं परदेशी सेवेला निघालं असेल तर एवढं करा: कामाचे तास, हातखर्च, विमा आणि घर बदलून मिळण्याची सोय हे सगळं आधी कागदावर घ्या. आणि पोरगा असो की पोरगी, आपलं ताट आपण घासायची आणि भूक लागली तर तोंडानं मागायची सवय इथंच लावा. पहिलं काम संस्थेकडून करून घेता येतं, दुसरं आपल्यालाच करावं लागतं.