काचेची कुंडली

माणसाने काच हजारो वर्षं वापरली. तिच्यातून पाहिलं, तिच्यात पाहिलं, रागाच्या भरात ती फोडली आणि मग तुकडे वेचताना बोटं कापून घेतली. पण ती मुळात आहे काय, याचा सर्वांना पटेल असा खुलासा अजून कुणी केलेला नाही. भौतिकशास्त्राचं १९७७ चं नोबेल ज्यांना मिळालं त्या फिलिप अँडरसन यांनी १९९५ साली लिहून ठेवलं, की घनपदार्थांच्या सिद्धांतातला बहुधा सर्वांत खोल आणि सर्वांत रंजक असा न सुटलेला प्रश्न म्हणजे काच, आणि द्रवाची काच होते कशी हे कोडं. असा प्रश्न समोर आला की शहाणा माणूस तो बाजूला सारून चहा टाकतो. युरोपने तसं केलं नाही. डझनभर विद्यापीठं, दोनतीन सरकारी संस्था आणि एखादा कारखाना एका दोरीत बांधून त्यांनी संशोधनाची जाळी विणायला घेतली. म्हणजे ज्या पदार्थातल्या अणूंना शिस्त नाही, त्याचा अभ्यास करण्यासाठी आधी प्राध्यापकांना शिस्त लावायची! या उद्योगाची टिंगल करणं सोपं आहे आणि पुढे मी ती जागोजागी करणारच आहे. माझं म्हणणं मात्र उलट दिशेचं आहे. अस्फटिकी पदार्थांवरचं युरोपीय जाळं विस्कळीत दिसतं म्हणूनच ते चालतं, आणि त्याला सरळ रेषेत बसवायला निघालेला समन्वयक त्याचं भलं करत नाही.

स्फटिक म्हणजे पंगत. पहिल्या पानावर मीठ कुठे वाढलंय ते पाहिलं की शंभराव्या पानावर ते कुठे असेल, हे न उठता सांगता येतं. अस्फटिकी पदार्थ म्हणजे लग्नातला बुफे. तिथेही अगदीच अंदाधुंदी नसते. प्रत्येकाच्या हातात ताट असतं, ताटाएवढं अंतर राखलेलं असतं, शेजारी कोण आहे तेही बहुधा ठरलेलं असतं, कारण माणसं आपापल्या नातेवाइकांना चिकटूनच उभी राहतात. पण या टोकाच्या काकांवरून त्या टोकाच्या मामांचा ठावठिकाणा काढता येत नाही. शास्त्राच्या भाषेत, जवळची रचना आहे, लांबची नाही. म्हणूनच क्ष-किरण सोडले की स्फटिक ठसठशीत ठिपके दाखवतो, आणि काच दाखवते एक धुरकट वलय. आता संशोधनाचं जाळं बघा. एकेका प्रयोगशाळेत कडक रचना: मध्यभागी प्राध्यापक, भोवती पीएच.डी. झालेले, त्यांच्याभोवती पीएच.डी. करणारे, आणि या सर्वांना धरून ठेवणारं कॉफीचं यंत्र. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये मात्र धुरकट वलय. फिनलंडमधला माणूस अकराच्या सुमारास जेवायला उठतो, स्पेनमधला दोन वाजल्याशिवाय ताटाकडे बघत नाही, आणि दोघांच्या घड्याळात वर एक तासाचा फरक. सर्वांना सोयीची बैठकीची वेळ काढणं हेच मुळात एक न सुटलेलं कोडं आहे. ते अँडरसनांच्या यादीत आलं नाही, एवढंच.

पण हा गोंधळ उपयोगी कसा? त्याचं उत्तर विषयाच्या पोटातच आहे. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे पॉल डुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉन वितळवून सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातल्या वेगाने गार केलं आणि पहिली धातूची काच मिळवली. (डुवे मूळचे बेल्जियमचे. ज्या देशाच्या राजधानीतून आज युरोपीय अनुदानं सुटतात, त्याने जाळं विणण्याआधी मासा निर्यात करून टाकला होता.) संगीत खुर्चीत गाणं अचानक थांबावं आणि प्रत्येकजण होता तिथेच थिजावा, तसा हा प्रकार. पण इतक्या घाईत गार करायचं तर हाती लागायचा फक्त पापुद्रा. जाड तुकडा हवा असेल तर घाई कमी आणि घोळ जास्त हवा, हे पुढे कळलं. जपानमध्ये सेन्दाईच्या अकिहिसा इनोऊए यांनी अनुभवातून तीन अटी सांगितल्या: मूलद्रव्यं किमान तीन असावीत, मुख्य अणूंच्या आकारांत सुमारे बारा टक्क्यांहून जास्त फरक असावा, आणि त्यांना आपल्या जातभाईंपेक्षा परक्यांचा सहवास अधिक प्रिय असावा. १९९३ साली पाच मूलद्रव्यांची अशी एक मिश्रधातू निघाली, जी सेकंदाला दहा अंशांहून कमी वेगानेही निवांत काच होऊ शकते. त्याच वर्षी केंब्रिजच्या लिंडसे ग्रीअर यांनी या सगळ्यामागच्या युक्तीला ‘गोंधळाचं तत्त्व’ म्हटलं. भिडू जितके जास्त आणि जितके वेगवेगळे, तितकी त्यांना एका रचनेवर एकमत करायची संधी कमी.

आता युरोपीय संघाच्या अनुदानाचे नियम उघडा. प्रस्तावात किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था हव्यात: ही इनोऊएंची पहिली अट. मोठं विद्यापीठ, चिमुकली कंपनी, मधलीच कुठली सरकारी संस्था असा मेळ परीक्षकांना आवडतो: ही दुसरी. तिसरीची सोय मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाच्या योजनेने केली आहे. नेमणुकीआधीच्या छत्तीस महिन्यांत जो बारा महिन्यांहून जास्त काळ ज्या देशात राहिला, त्याला त्या देशात घेता येत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळायचे, तसं तिकडे सगोत्र पीएच.डी. टाळतात. म्हणून तूरिनची मुलगी ड्रेस्डेनला आणि ड्रेस्डेनचा मुलगा बार्सिलोनाला. ज्यांनी हे नियम केले त्यांना धातूच्या काचेची गंधवार्ताही नसावी. तरी ब्रसेल्सच्या बाबूंनी नकळत काच करण्याची कृतीच लिहून काढली आहे, आणि स्वयंपाकात असं क्वचितच घडतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ही नुसती शब्दांची कसरत झाली. अणू टाइमशीट भरत नाहीत, आणि खरे शोध तर एकेका प्रयोगशाळेत लागले, पासाडेनात, सेन्दाईत. तिथे ना जाळं होतं ना समन्वयक. मान्य. शोध लागायला जाळं लागत नाही. पण लागलेला शोध खरा आहे की नाही हे ठरवताना काच फार त्रास देते. मिठाचा स्फटिक पॅरिसमध्ये घ्या की प्रागमध्ये, त्याची जाळी तीच. (धातुशास्त्रज्ञ म्हणतील, स्फटिकातही दोष असतात आणि दोषांना इतिहास असतो. असतो. पण दोष वगळले तर मूळ पंगत तीच राहते. काचेत वगळायला मूळ काही उरतच नाही.) काच कशी वागेल हे ती कशाची आहे यावर जितकं ठरतं, तितकंच ती किती वेगाने गार झाली, नंतर किती ऊब खाऊन पडून राहिली, यावरही ठरतं. तोच नुसखा, पण भरभर गार केलेला तुकडा थोडा विरळ. तोच पुन्हा ऊब देऊन ठेवला तर घट्ट आणि बरेचदा ठिसूळ. झिर्कोनियमच्या मिश्रधातूत थोडा ऑक्सिजन शिरला की स्फटिकांची बीजं धरायला लागतात. स्फटिकाला पत्ता पुरतो, काचेला कुंडली लागते. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, तर दोघींपैकी कुणीच चूक नसेल. दोघींच्या काचेची जन्मवेळ वेगळी असेल. एकाच भट्टीतला एकच तुकडा सगळ्यांच्या हातून फिरवल्याशिवाय हे भांडण मिटत नाही. तो फिरवायचा, तर कुणीतरी पाकिटावर पत्ता लिहायला हवा. समन्वयकाचा जन्म इथे होतो.

१९७१ साली सुरू झालेल्या ‘कॉस्ट’ या योजनेवर लोक हसतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. नावाचा इंग्रजी अर्थ खर्च, पण संशोधनाचा खर्च ती देत नाही. किमान सात देश जमवा, चार वर्षं घ्या. बैठका, प्रवास, प्रशिक्षणवर्ग, एकमेकांच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या मुक्कामी भेटी, एवढ्याला पैसे मिळतील. वऱ्हाडाचं भाडं द्यायचं आणि लग्नाला दमडी नाही, असा हा कारभार. इतर विषयांचं मला माहीत नाही, पण काचेच्या बाबतीत वऱ्हाड हेच निम्मं लग्न आहे. नमुना ज्याने ओतला त्याच्या शेजारी आठ दिवस उभं राहिल्याशिवाय साचा किती तापलेला होता, हे कळत नाही; तो शोधनिबंधात लिहायला विसरतो, कारण त्याच्या मते ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

दुसरा आक्षेप करदात्याचा. गोंधळ एवढा गुणकारी असेल, तर मग वर्क पॅकेज, माइलस्टोन, डिलिव्हरेबल आणि तो आडव्या पट्ट्यांचा गँट चार्ट कशाला? सोडा सगळ्यांना मोकळं, आणि होऊ द्या बारभाईंचा कारभार! याचंही उत्तर धातूच्या काचेनेच दिलं आहे, आणि ते माझ्या बाजूला थोडं गैरसोयीचं आहे. नेहमीच्या धातूत रांगा सरकवणारे जे दोष असतात ते काचेत नसतात, म्हणून ती दोन टक्क्यांच्या आसपास ताणली तरी मूळ जागी परत येते. त्याच्यापुढे ताणली, तर मात्र सगळा भार एका अतिशय बारीक पट्ट्यात गोळा होतो आणि ती पूर्वसूचना न देता तुटते. जाळीही तशीच तुटतात. सगळं खेळीमेळीत चाललेलं असतं आणि अचानक एक भागीदार निसटतो. २०२१ पासून ब्रिटनचं हेच झालं. तिथल्या प्रयोगशाळांना अनुदानाचा हक्क १ जानेवारी २०२४ ला परत मिळेपर्यंत त्यांच्याच सरकारने हमी देऊन गाडा ओढला. काचेवरचा उपाय २००० च्या सुमारास कॅलिफोर्नियातच सापडला. तिच्यात मऊ स्फटिकाच्या बारीक फांद्या मुद्दाम वाढू द्यायच्या. त्या पट्ट्याला अडवतात, भार वाटून घेतात. जाळ्यातल्या या फांद्या म्हणजे हिशेबनीस, करार सांभाळणारी बाई आणि शेवटच्या तारखेची आठवण करून देणारा तो अप्रिय गृहस्थ. थोडी पंगत हवी, पण बुफेच्या मध्ये. सगळंच पंगतीत बसवलं तर पदार्थ पुन्हा साधा धातू होतो, आणि त्यासाठी सात देशांची तिकिटं काढायची गरज नसते. ‘मऊ’ हा शब्दही महत्त्वाचा. फांद्या फार कडक निघाल्या तर फट त्यांच्यापासूनच सुरू होते, आणि असे हिशेबनीसही असतात.

राहता राहिला वेळ, आणि इथे मात्र माझ्याकडे समन्वयकाची बाजू घेण्यापलीकडे उपाय नाही. अनुदान चार वर्षांचं; काच तिच्या मर्जीने सैलावते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९४४ पासून एका नरसाळ्यात डांबर ठेवलंय. हाताला दगडासारखं लागतं, हातोडीने फुटतं आणि तरी वाहतं. साधारण दहा वर्षांत एक थेंब. चार वर्षांच्या गँट चार्टमध्ये तो थेंब कुठल्या चौकोनात दाखवणार? मधल्या तपासणीला ‘थेंब चाळीस टक्के पडला आहे’ असं लिहावं लागेल, आणि परीक्षक विचारतील, उरलेला साठ टक्के कुठल्या तिमाहीत. तिथे आधीही थेंब पडले, पण कुणी समोर नव्हतं. नरसाळं त्याच देशात, त्याच इमारतीत, भौतिकशास्त्रज्ञांनी वेढलेलं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की लक्ष दुसरा कुणीतरी ठेवतोय. शेवटी २०१३ साली त्याच्यासमोर कॅमेरा लावला गेला. थेंब पडला जुलैत. युरोपात जुलै म्हणजे सुट्ट्यांचा महिना. कॅमेरा मात्र कामावर होता.