डायरी निवडण्याची आणि नवोदितास गौरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत कागदाची थोरवी कुणाला शिकवावी लागत नाही. २९ ऑगस्ट २०२३ रोजी इथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि गाव देशभर गाजलं. मग सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळापासूनची दप्तरं उघडली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा... आरक्षणाला पात्र ठरवणारी ‘कुणबी’ अशी नोंद कुठं सापडते का, हे बघायला मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांचा भाव वधारला. ज्या पणज्याचा घरात फोटोसुद्धा नाही, त्याच्या नावाच्या एका ओळीसाठी पणतू तहसीलच्या पायऱ्या झिजवू लागले. आरक्षणाबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी. पण लिहून ठेवलेलं तेवढंच टिकतं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. म्हणून घरात एक डायरी असावी. ती कशी निवडावी, आणि घरातलं एखादं पोर तिच्यात भलतंच काही लिहू लागलं तर काय करावं, याचं हे मार्गदर्शन.

१. डायरी विकत घेऊ नये, मिळवावी.
विकतची डायरी ही आपल्याकडं उधळपट्टीत मोडते. जानेवारीत पतसंस्था, विम्याचा एजंट, साखर कारखाना आणि कृषी सेवा केंद्र अशी फेरी मारावी. उधारी जेवढी मोठी, तेवढी डायरी जाड मिळते. या डायरीत आधी चेअरमनसाहेबांचा पानभर फोटो, मग संचालक मंडळ, मग राज्यांच्या राजधान्या, पिनकोड आणि रक्तगटाचा रकाना येतो. एवढ्यातून जागा उरली तर तारखा असतात. रविवारला अर्धंच पान दिलेलं असतं. शेतकऱ्याला आणि कवीला रविवार नसतो, हे छापखान्याला कुणी सांगितलेलं नाही.

२. फुकट मिळत नसेल तर पारख करावी.
दुकानात डायरी उघडून गल्ल्यावर पालथी ठेवावी. शिवलेली बांधणी मुकाट सपाट पडते. नुसती डिंकावर चिकटवलेली असेल तर कण्यातून करकर वाजते आणि उन्हाळा लागायच्या आत तिची पानं गळायला लागतात. मग जेल पेनानं शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात सही करून पान उलटावं. सही मागं उमटली तर कागद हलका. ऐंशी जीएसएमचा कागद सहसा असं करत नाही. दुकानदार खेकसला तर “बघतोय दादा, घेणारच आहे” म्हणावं आणि खरंच घ्यावी, कारण सही आपली आहे.

३. मधला मार्ग.
परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, अकोल्याची कृषी संवादिनी, राहुरीची कृषिदर्शनी, यांतलं काही हाती लागलं तर सोडू नये. दोष एवढाच की, बोंडअळीपासून ठिबकापर्यंत इतकं कामाचं छापलेलं असतं की माणूस लिहायचं सोडून वाचतच बसतो.

४. लक्षणं ओळखावीत.
डायरीत पुढून दूध, रोजंदारी, खताच्या गोण्या आणि पाण्याची पाळी येते. इथवर सगळं ठीक. पण एखाद्या दिवशी डायरी उलटी उघडावी. नवोदित साहित्यिक नेहमी शेवटच्या पानापासून लिहितो, म्हणजे हिशेबाची आणि त्याची गाठ शक्य तितकी उशिरा पडते. एका आठवीतल्या पोरीच्या घरच्या डायरीत पुढून आईच्या अक्षरात ‘सकाळ दोन लिटर, संध्याकाळ दीड’ असं आहे. मागून पोरीनं लिहिलंय की टँकर आला तेव्हा मोसंबीची झाडंच घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. आजोबांनी विचारलं, “हे काय गं?” ती म्हणाली, “काही नाही आबा, गृहपाठ.” हे बोलणं खोटं असलं तरी निदान ठाम होतं.

५. रूढ उपचार.
असं पोर सापडलं की गावात पहिला फ्लेक्स लागतो. त्यावर कवयित्रीचा फोटो अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांचे पासपोर्टपेक्षा मोठे असावेत. नंतर सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि पाहुण्यांची भाषणं. शेवटी “वेळेअभावी” कविता दोन मिनिटांत आटपायला सांगावी. शाल पुढच्या सत्काराला चालते, म्हणून घडी मोडू देऊ नये.

मोठ्या पातळीवर हाच उपचार जरा बरा होतो. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकाला मिळतो : पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. २०१८ साली जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला तो मिळाला. पुढं लॉकडाऊनमध्ये महाविद्यालयातली नोकरी गेली आणि त्यांना शेतमजुरी करावी लागली. २०२४ साली तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. कादंबरी शिंप्याची आणि लिहिणाराही शिलाई मशीनवर बसलेला माणूस. दोघांच्या बातम्या आपण अभिमानानं पुढं पाठवल्या. पुस्तक किती जणांनी विकत घेतलं, हे ज्यानं त्यानं स्वतःच्या कपाटाला विचारावं.

६. अपारंपरिक उपचार.
याला खर्च कमी आणि कष्ट जास्त, म्हणून फारसा प्रचलित नाही. पोरीनं लिहिलेलं वाचावं, तेही तिची हरकत नसेल तर. वाचल्यावर “छान” म्हणून सुटू नये. “झाडं रांगेत उभी राहिली, मग पाणी आधी कुणाला मिळालं?” असा एखादा प्रश्न विचारावा. शुद्धलेखनाच्या चुका दुसऱ्या दिवशी दाखवाव्यात. “कुठनं उतरवलंस?” हे तर कधीच विचारू नये. पुढं पाठवायचं असेल तर खाली तिचं नाव ठेवावं. आणि तिला तिची स्वतःची डायरी आणून द्यावी. चेअरमन नसलेली.

७. कसोटी.
उपचार लागू पडला की नाही, हे तिनं घरच्यांविषयी लिहिलं की कळतं. बाप पाळीचं पाणी चोरून घेतो, आबा दिवसभर पारावर बसून आजीला पाणी शेंदायला लावतो, असलं काही वाचायला मिळालं की आपला हात आपोआप पान फाडायला जातो. तो आवरावा. फाडावंसं वाटलं म्हणजे लिखाण जमलंय असं समजावं, आणि दुसऱ्या डायरीचे पैसे काढून ठेवावेत.