बाबांना डॉक्टर करा
(मँडरिनच्या नव्या शिक्षकांसाठी काही सूचना)

इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळेत जीसीएसईच्या मुलांना मँडरिन शिकवायला आपण रुजू झालात, अभिनंदन. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे असे चार पेपर, प्रत्येकाला २५ टक्के, आणि शब्दकोश न्यायला बंदी. शेजारच्या वर्गात फ्रेंच चालू असतं. तिथल्या मुलांना बरेचसे शब्द इंग्रजीच्या ओळखीवर लागतात. तुमच्याकडे ती सोय नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाका की खऱ्या माहितीला वर्गात थारा द्यायचा नाही.

समजा, वर्गात हॅरोची एक मराठी मुलगी आहे. वडील इंजिनिअर. ‘माझे कुटुंब’ लिहायला सांगितलं की ती भाबडेपणाने खरं लिहायला घेईल. तिथेच तिचा हात धरा. चिनीत इंजिनिअर म्हणजे तीन अक्षरं आणि २१ रेघा; मधल्या एकट्या अक्षराच्याच १२. डॉक्टरला दोन अक्षरं मिळून १२ रेघा पुरतात. परीक्षेच्या हॉलमध्ये तेवढ्या नऊ रेघांत पुढचं वाक्य सुटतं. तेव्हा बाबांना डॉक्टर करा. पालकांची सहसा हरकत नसते, आणि आजीची तर ती जुनीच इच्छा असते.

एकदा वडील मार्गी लागले की बाकीचं घर आवरायला वेळ लागत नाही. मांजर असेल तर तिचा कुत्रा करा, ११ रेघांच्या जागी ८. सुट्टीत स्पेनला गेलेल्यांना चीनला पाठवा. २० च्या जागी १२, शिवाय परीक्षकालाही बरं वाटतं. मुलगी एकुलती एक असेल तर तिला तातडीने बहीण द्या, कारण ‘माझ्यापेक्षा उंच’ ही रचना दाखवली की गुण मिळतात आणि ती दाखवायला घरात कुणीतरी उंच लागतं.

लिपीसाठी चौकटीची वही घ्यावी. प्रत्येक घरात तुटक रेघांची फुली असते, म्हणजे अक्षर कुठे कलंडलं ते लगेच दिसतं. सुरुवात ‘मोठा’ या अक्षराने करा: एक आडवी रेघ, तिला छेदून डावीकडे उतरणारी दुसरी, उजवीकडे पाय टाकणारी तिसरी. त्याच्या पायांत ठिपका दिला की ‘फारच’ होतं. तोच ठिपका उजव्या खांद्यावर बसला की कुत्रा. चार रेघांत कुत्रा मिळाला म्हणून मुलं हरखतील, वरच्या आठ रेघांचा हिशेबही मागतील. हा पोथीतला कुत्रा, घरी पाळायचा तो आठ रेघांचाच, हे तिथल्या तिथे बजावा.

सुरांचं प्रकरण नाजूक आहे. चार सूर, आणि पाचवा दबका. नियम शिकवून झाला की मुलं पहिलं वाक्य ‘नी हाव’ म्हणतात आणि तिथेच नियम मोडतो, कारण तिसरा सूर तिसऱ्यापुढे आला की पहिल्याला दुसरा व्हावं लागतं. ‘का’ विचारू देऊ नका. ‘माय’ तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्यात विकणं. दुकानातल्या संवादात गिऱ्हाईक म्हणून शिरलेला मुलगा दुकानदार होऊन बाहेर पडतो. यात आपल्या हॅरोच्या मुलीला एक फायदा आहे. मँडरिनमध्ये प-फ, त-थ, क-ख यांतला श्वासाचा फरक कळीचा असतो आणि तो तिच्या घरात दिवसभर चालू असतो. ‘चांगला’मधला च तर तिला आयताच मिळाला आहे, बाकीच्या वर्गाला तो शिकवताना शिक्षकाच्या चष्म्यावर तुषार उडतात.

वेळेचं म्हणाल, तर सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या मँडरिन एक्सलन्स प्रोग्रॅममधल्या शाळांना आठवड्याचे आठ तास मिळतात, चार वर्गात आणि चार वर्गाबाहेर. तुमची शाळा त्यात नसेल तर मिळेल त्यात भागवा. त्यातलाही एक आठवडा चिनी नववर्षाला डंपलिंग करण्यात जाईल. मुख्याध्यापकांना फोटो हवा असतो.

प्रत्येक मुलाकडे एक अलंकार मात्र पाठ हवा. गर्दीसाठी चिनीत ‘माणसांचा डोंगर, माणसांचा समुद्र’ अशी चार अक्षरांची म्हण आहे. एकूण १७ रेघा, आणि ‘माणूस’ दोनदा येत असल्याने एक अक्षर फुकट. समुद्रकिनारा, रेल्वे स्टेशन, शाळेचं कँटीन, कुठेही बसते. वाचनालयाच्या वर्णनात घातली तरी कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तोंडी परीक्षा बहुधा तुम्हीच घेता आणि तिचं रेकॉर्डिंग मंडळाकडे जातं. म्हणजे ज्या बहिणीला तुम्ही जन्म दिलात तिचीच चौकशी तुम्हाला गंभीर चेहऱ्याने, निदान गंभीर आवाजात करायची असते. हसू आलं तर खोकावं. काही परीक्षांत संवादाच्या कार्डावर एक उद्गारचिन्ह छापलेलं असतं. तिथे मुलाला न सांगितलेला प्रश्न येतो. त्याची तयारी करता येत नाही, म्हणून सगळे शिक्षक महिनाभर त्याचीच तयारी करतात. मुलानेही परीक्षकाला काहीतरी विचारायचं असतं. ‘तुम्हाला चिनी जेवण आवडतं का?’ हा प्रश्न दिवसभर ओळीने येईल. दरवेळी नव्याने विचार केल्यासारखं उत्तर द्या.

निकाल चांगला लागला की हीच मुलं ए-लेव्हलला मँडरिन घेतो म्हणतात. घेऊ द्या. तिथे सिनेमा नाहीतर पुस्तकावर मत मांडावं लागतं आणि तोंडीला स्वतः संशोधन केलेला विषय न्यावा लागतो. तो वर्ग शक्यतो दुसऱ्या शिक्षकाला मिळेल, याची व्यवस्था आपण जूनमध्येच करून ठेवावी.