वडिलांना विचार म्हणालात, तर ऐका

अंधेरीच्या साहेबांस,

माझ्या मुलीने राजीनामा दिला त्या दिवशी तुम्ही तिला केबिनमध्ये बोलावलंत आणि बाहेरच्या टेबलांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलंत, ‘तुमच्या पिढीला कामच नको. घरी जाऊन वडिलांना विचार, त्यांच्या वेळी माणसं कशी राबायची.’ तिने घरी येऊन विचारलं. मी गोरेगावच्या एका कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेला निवृत्त कामगार. तुम्हीच मला साक्षीला बोलावलं आहे, तेव्हा साक्ष शेवटपर्यंत ऐकून घ्या. ती तुमच्या बाजूची नाही.

आधी तुमच्या घड्याळाबद्दल. नेमणूक पत्रात वेळ साडेनऊ ते साडेसहा लिहिली आहे. गाडी रखडली आणि मुलगी पावणेदहाला पोचली, तर अर्ध्या दिवसाची रजा कापली जायची. संध्याकाळी सातला कोणी पर्स उचलली, तर ‘आज हाफ डे का?’ म्हणून सगळ्यांसमोर टोमणा. साहेब, तुमच्या ऑफिसातलं घड्याळ फक्त सकाळीच चालतं का? उशिराचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या तुमच्या एचआरला जादा थांबलेले तास का मोजता येत नाहीत?

आमचं निर्मळ कुठे आहे हे तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. नालासोपाऱ्याला उतरायचं, पश्चिमेला येऊन बसच्या रांगेत उभं राहायचं, सोपारा मागे टाकायचा, मग तलाव आणि शंकराचार्यांचं मंदिर दिसलं की आमचं गाव. दारापासून तुमच्या टेबलापर्यंत दोन तास, परतीचे तेवढेच. सकाळी विरारहूनच भरून आलेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधायची, संध्याकाळी अंधेरीला विरार गाडीत स्वतःला कोंबून घ्यायचं. साडेआठला तुम्ही सोडलेली मुलगी साडेदहाला घरी येते. तिची आई ताट वाढते, पहिला घास तोंडात जातो आणि फोन थरथरतो : ‘शीट उद्या 9 च्या आत हवी. कन्फर्म.’ दोन मिनिटांत उत्तर गेलं नाही, तर खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह. उजवा हात भाताने माखलेला, म्हणून डाव्या अंगठ्याने ‘ओके सर’ टाइप करणारी माझी मुलगी मी समोर बसून पाहिली आहे. त्यानंतर ती जेवली नाही, लॅपटॉप उघडून बसली. कार्तिकातल्या आमच्या जत्रेला सगळं गाव घरी असतं, लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरी येतात. त्या वेळी तिने एका दिवसाची रजा मागितली, ती तुम्ही ‘मंथ एंड आहे’ म्हणून नाकारलीत. महिना तर दर महिन्याला संपतो, साहेब.

आता आमच्या वेळेबद्दल. आमच्या कारखान्यात आठ तासांची पाळी होती. भोंगा वाजला की मशीन पुढच्या पाळीच्या माणसाच्या हाती द्यायचं आणि हात धुवायचे. थांबवून घेतलं तर 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे जादा तासाला दुप्पट दर मिळायचा आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो वेगळ्या रकान्यात दिसायचा. फोरमन तोंडाचा फटकळ होता, पण त्याची सत्ता गेटपर्यंत. माझ्या जेवणाच्या ताटापर्यंत तो कधी पोचला नाही. फंड होता, बोनस होता, निवृत्तीला ग्रॅच्युइटी मिळाली. त्या पैशांवर घराला स्लॅब पडला आणि या मुलीचं शिक्षण झालं. आम्ही राबलो ते मोजून राबलो आणि मोजून घेतलं.

हे कोणा मालकाच्या उदारपणातून आलं नव्हतं. गेटवर सभा झाल्या, करारासाठी महिनोन्महिने बोलणी झाली, पगार बुडवून संप झाले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, ते आमच्याच वेळचे. ती लढाई ते हरले, कित्येक संसार उद्ध्वस्त झाले. पण मान खाली घालून मुकाट राबणारी पिढी म्हणून तुम्ही ज्यांचं उदाहरण मुलांना देता, ती हीच माणसं. आमच्या नावावर तुम्ही जी मुकाट आज्ञाधारकता खपवता, ती आमच्यात कधीच नव्हती.

त्याच्याही मागे जा. तुम्ही ज्या रविवारी झूमवर मीटिंग लावता, तो रविवार या मुंबईत फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सहा वर्षं अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या. एप्रिल 1890 मधल्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन बायकाही उठून बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हाच्या प्रयत्नांतून 1946 मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. जे आमच्या पणजोबांच्या काळात मागितलं आणि आजोबांच्या काळात कायद्यात लिहिलं गेलं, ते माझ्या मुलीने मागितलं की ती आळशी कशी ठरते?

तुमच्या टेबलामागे मोठ्या लोकांची वाक्यं चिकटवलेली असतात, असं ती सांगते. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी 90 तासांची भाषा केली आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असं विचारलं. मूर्तींनी 1981 मध्ये पुण्यात कंपनी काढली ती स्वतःची. तिथला प्रत्येक जादा तास त्यांच्या मालकीत भर घालत होता. मालक आणि नोकर यांतला हा फरक आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. माझी आई पहाटेच्या अंधारात मोगरा खुडायची, टोपली घेऊन पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरायची आणि दादरच्या बाजारात बसायची. तिच्या कष्टाला तास नव्हते, कारण वाडी तिची होती, फूल तिचं होतं आणि संध्याकाळी पदराच्या गाठीतला पैसाही तिचाच होता. वाडीत रोजाने आलेल्या मजुराला मात्र तिने दिवस मावळल्यावर कधी थांबवून घेतलं नाही. मालकाचे तास मजुराकडून मागायचे असतील, तर पीकही वाटून द्यावं लागेल. तुम्ही माझ्या मुलीला किती टक्के मालकी देऊ केली होतीत?

कायद्याचंही तुम्ही अर्धंच सांगता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवण्याला मंजुरी दिली, तेव्हा तुम्ही ऑफिसात जाहीर केलंत की आता बारा तास कायदेशीर झाले. रोजच्या बारा तासांची गोष्ट कारखान्यांसाठी होती. दुकानं आणि आस्थापनांसाठी नऊचे दहा करण्याचा निर्णय होता, जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी आणि मोबदला दुप्पट, हेही त्यातच होतं. ते वाक्य वाचताना तुमचा चष्मा कुठे गेला होता? मुळात मला तो निर्णय मान्य नाही. दहा तासांत चार तासांचा प्रवास मिळवला, तर वसई-विरारच्या माणसाकडे झोपेपलीकडे फारसं काही उरत नाही.

आणि एक चलाखी. दुसऱ्याच वर्षी तुम्ही तिला ‘असिस्टंट मॅनेजर’ केलंत. आम्ही गल्लीत पेढे वाटले. तिच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, पगार दीड हजाराने वाढला. 2017 चा आस्थापना कायदा वाचल्यावर मला पेढ्यांची किंमत कळली. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावर असलेल्यांना त्या कायद्याचं संरक्षण लागू नाही. दारावरची पाटी बदलून तुम्ही तिच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलंत. वसईच्या पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत बारा तास उभी राहणारी पोरं कंत्राटाच्या नावाखाली नागवली जातात, तुमच्या एसी ऑफिसात हुद्द्याच्या नावाखाली. रीत एकच.

जुलै 2024 मध्ये पुण्यात ईवायमध्ये काम करणारी 26 वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याखाली मुलगी कशी पिचत गेली ते सांगितलं. मृत्यूचं कारण कामाचा ताण आहे हे कंपनीने मानलं नाही. पण त्या पत्रानंतर सरकारी तपासणी झाली, तेव्हा 2007 पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं पुढे आलं. ते पत्र अलीकडेच एका रात्री आमच्या घरी मोठ्याने वाचलं गेलं. वाचून झाल्यावर माझी बायको मुलीला एवढंच म्हणाली, ‘उद्या कागद देऊन ये.’ तुम्ही ज्याला या पिढीचा चंचलपणा म्हणता, तो राजीनामा त्या रात्री आमच्या संमतीने लिहिला गेला.

मुलं निष्ठावान नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. निष्ठा आम्ही दिली, कारण समोरून कायम नोकरी मिळत होती. तुम्ही अकरा महिन्यांचा करार देता, वाढ दोन टक्के देता, गरज संपली की दुपारच्या ईमेलने माणूस काढता आणि जाणाऱ्याकडून मात्र तीन महिन्यांची नोटीस वसूल करता. या सौद्यात मुलं जितकी निष्ठा देतात, तितकीही तुम्हाला जास्तच मिळते आहे. ही मुलं कामाला भीत नाहीत. माझी मुलगी सध्या सकाळी वाडीत भावाला हात देते, दुपारी परीक्षेचा अभ्यास करते, शेजारच्या दोन दुकानांचे जीएसटीचे हिशेबही करते. काम संपल्यावर वही मिटते, एवढाच बदल झाला आहे.

निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखालच्या माझ्या वयाच्या आई-बापांनाही या पत्रातून सांगतो. मूल नोकरीला कंटाळून घरी आलं, की ‘आम्ही नाही का सोसलं’ हे वाक्य तोंडात येतं. ते गिळा. आपण जे सोसलं ते सांगा आणि जे भांडून मिळवलं तेही सांगा. दुसरा भाग लपवला, की आपल्याच घरातून या साहेबांना फुकटचा मुकादम मिळतो.

साहेब, तुमच्याकडे तिचे तीन हक्क अडकले आहेत : शेवटच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि अनुभवाचं प्रमाणपत्र. ‘नोटीस पूर्ण केली नाही’ म्हणून तुम्ही ते दाबून ठेवलेत. रात्री दहानंतर तुम्ही पाठवलेला प्रत्येक मेसेज तिच्या फोनमध्ये तारखेसह आहे, त्यांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज कसा करायचा, ते आमच्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. पंधरा दिवसांत तिन्हींचा निकाल लावा. आणि तिच्या खुर्चीवर जी नवी मुलगी बसेल, तिचे कामाचे तास लेखी द्या आणि ते स्वतः पाळा.

आपला,
निर्मळचा एक निवृत्त कामगार