'मला काही होत नाही' महोदयांस खुले पत्र

रा. रा. 'मला काही होत नाही' महोदय,
मुक्काम व्हीआयपी रोड, रायपूर.


शनिवारी रात्री बॅरिकेड लागले, हवालदाराने यंत्राची नळी तोंडापुढे धरली, की आपला स्वाभिमान दुखावतो हे कळले. वेलची चघळा, फुंकायचे सोडून श्वास आत ओढा, नाहीच जमले तर ओळखीच्या साहेबांना फोन लावा. दोन पेगसाठी केवढी यातायात! 'माझ्यावर संशय का?' ही आपली तक्रार मात्र रास्त आहे. खोट त्या संशयातच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम २०३ पोलिसाला श्वासचाचणीचा अधिकार देते, तो चालकावर वाजवी संशय असेल तरच. आणि संशय येतो कोणाचा? सिलतऱ्याहून लोखंड भरून निघालेल्या, जागरणाने डोळे तारवटलेल्या ट्रकवाल्याचा. आपण काच खाली करता, एसीच्या गारव्याबरोबर अत्तराचा दरवळ बाहेर येतो, आणि संशय सलाम ठोकून बाजूला होतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, ही कायद्याची रेषा काही चेहऱ्यावर उमटत नाही. इंग्लंडने १९६७ मध्ये ती ८० वर आखली होती. म्हणजे कागदावर आपणच कडक. २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तरी आपण निर्धास्त, कारण दंड सापडणाऱ्याला असतो.

म्हणून सुचवतो, संशयच काढून टाकावा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये तेच केले. कोणतीही गाडी, कोणतीही वेळ, कारण न सांगता चाचणी. शिक्षेपेक्षा पकडले जाण्याची धास्ती मोठी ठरली आणि जीवघेणे अपघात ठळकपणे घटले. सगळ्यांनाच फुंकावे लागले, तर अपमान कोणाचाच नाही. पोलीस चिरीमिरी घेतील म्हणता? कोणाला अडवायचे आणि कोणाला सोडायचे, या मर्जीवरच तर ती चालते. प्रत्येक गाडीची चाचणी आणि आकड्याची छापील पावती असेल, तर घासाघीस कशावर करणार? 'सरकारच दारू विकते' हाही आपला मुद्दा खरा. २०१७ पासून छत्तीसगडमध्ये दुकाने सरकारी महामंडळाची आहेत. पण सरकार बाटली विकते, स्टेअरिंग नव्हे. उलट विकणाऱ्याची जबाबदारी मोठी, म्हणून त्याच कमाईतून यंत्रे घ्यावीत आणि ती होळी किंवा ३१ डिसेंबरपुरती नव्हे, तर एरवीच्या मंगळवारीही रस्त्यावर दिसावीत.

राहता राहिले आपले धाकटे बंधू, 'पीत नाही, नुसता दम मारतो' वाले. त्यांच्यापुढे हे यंत्र मुके. ओडिशातून महासमुंदमार्गे येणारा गांजा पोलीस पोत्यांनी पकडतात, पण तो ओढून गाडी हाकणारा सहज निसटतो. दारूला कायद्यात आकडा आहे. अमली पदार्थाच्या बाबतीत कलम १८५ खाली चालकाचा गाडीवर नीट ताबा राहू शकत नव्हता, हे सिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्याने २००४ मध्येच रस्त्यावर लाळेची चाचणी सुरू केली. गांजाचा अंश नशा उतरल्यावरही शरीरात राहतो, हा आक्षेप वजनदार आहे. त्यामुळे लाळ ही फक्त चाळणी असावी. गुन्हा ठरावा तो रक्तचाचणी आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून. हा आक्षेप चाचणी नेमकी करायला सांगतो, बंद करायला नव्हे.

तेव्हा कलम २०३ मधला 'संशय' खोडा, अशी मागणी आपणच संसदेकडे करावी. निवेदनावर पहिली सही आपली असू द्या. फक्त ती सकाळी करा.

आपला,
रोज रस्ता ओलांडणारा एक पादचारी