पाणंद बदलली म्हणून हळहळताना पाळावयाचे नियम

(मे महिन्यात आणि गणपतीत मालवणात उतरणाऱ्या समस्त चाकरमान्यांच्या माहितीसाठी)

‘पूर्वीचं मालवण आता राहिलं नाही’ हे वाक्य मालवणात एरवी कोणी बोलत नाही. ते मे महिन्यात मुंबई, ठाणे, डोंबिवलीहून येते आणि गणपतीत त्याची दुसरी खेप उतरते. माल चांगला असतो, भावनाही खरी असते, पण वापरण्याची पद्धत सदोष. कोणी भर रस्त्यात उभे राहून हळहळतात, कोणी भलत्याच घरासमोर हळहळतात, तर कोणी हळहळता हळहळता चहा थंड करतात आणि तो दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा गरम करावा लागतो. या क्षेत्रात आजवर शास्त्रशुद्ध मार्गदर्शन उपलब्ध नव्हते. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न. नियम मेढ्यातल्या आमच्या पाणंदीपुरते केले असले तरी धुरीवाडा, देऊळवाडा, दांडी, वायरी येथेही किरकोळ फेरफाराने लागू पडतील. हळहळणाऱ्या इसमास यापुढे ‘अर्जदार’ असे संबोधले आहे.

नियम १ : उभे राहण्याची जागा

अर्जदाराने पाणंदीच्या मधोमध उभे राहू नये. पूर्वी राहता येत होते, कारण तिथून जाऊन जाऊन जाणार काय, तर पोस्टमनची सायकल नाहीतर कोणाची तरी दावे सोडवून निघालेली म्हैस. आता भाड्याच्या स्कूटरवरची जोडपी असतात, पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो असतो आणि मोबाइलमधल्या बाईचे ऐकून थेट आमच्या खळ्यात शिरणारी सतरा आसनी गाडी असते. म्हणून कडेला, गडग्याजवळ उभे राहावे. गडग्याला टेकू मात्र नये. नुसत्या रचलेल्या चिऱ्यांच्या फटीत इंगळ्या असतात. त्या पूर्वीही होत्या. एवढी एक गोष्ट बदललेली नाही. तिची खातरजमा हात घालून करू नये.

नियम २ : साल ठरवणे

कोणत्या सालापासून बिघडले हे ठरवल्याशिवाय हळहळीस आरंभ करू नये. आमच्या दादाने १९८६ हे साल धरले आहे. त्या साली तो मुंबईला गेला. त्याच्या मते त्या दिवशी मालवण बांधून पूर्ण झाले होते आणि त्यानंतर जे झाले ती सगळी मोडतोड. वडिलांचे साल निराळे होते : मुंबईची बोट बंदरात लागायची आणि माणसे पडावातून किनाऱ्याला उतरायची, ते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा कागदासाठी रत्नागिरी गाठायला नको म्हणून सगळे खूश होते. आजोबा तेवढे म्हणाले, “आता कोर्टाच्या निमतान रत्नागिरी बघूक मिळाची नाय.”

असेच मागे मागे जात राहिल्यास अर्जदार २५ नोव्हेंबर १६६४ या तारखेपाशी पोचेल. त्या दिवशी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास सुरुवात झाली. पुढे तीन वर्षे चुना, दगड, पायात ओतायला शिसे, आणि माणसांचा अखंड राबता. त्या वेळी किनाऱ्यावर कोणीतरी म्हातारा बसून नक्की म्हणाला असणार, “आमच्या येळाक ह्या बेटार काय शांतता होती!” त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. अर्जदाराने योग्य तो बोध घ्यावा.

नियम ३ : गाड्यांचे नंबर

पाणंदीच्या तोंडाशी खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर वाचणे हा हळहळीचा पूरक व्यायाम होय. एमएच ०७ म्हणजे आपली. ०९ कोल्हापूर : शनिवारी सकाळी हजर, दोन दिवसांत महिन्याचे मासे खाऊन रविवारी रात्री घाटावर. १२ आणि १४ पुणे व पिंपरी-चिंचवड : खोलीचा दर विचारतात, तोच दर फोनवर पडताळतात आणि पुन्हा विचारतात. केए २२ बेळगाव : हे रस्ता विचारत नाहीत, त्यांना आपल्यापेक्षा बरा ठाऊक असतो. जीए गोवा : ही बहुधा कोणाच्या तरी व्याह्यांची निघते, तेव्हा तिच्याबद्दल मोठ्याने बोलू नये.

नोंद पुरी झाल्यावर ‘बाहेरच्या गाड्यांनी गाव भरला’ असा निष्कर्ष काढावा. मात्र त्याआधी अर्जदाराने स्वतःची गाडी पाणंदीबाहेर लावून यावी. ती एमएच ०५ आहे.

नियम ४ : प्रश्नोत्तरे

“कधी इलस?” असे विचारले जाईल. श्वासही न घेता पुढचा प्रश्न येईल, “कधी जातलस?” अर्जदार इथे दुखावतो. येऊन पायही धुतले नाहीत आणि ही माणसे घालवायला निघाली, असे त्याला वाटते. मनाला लावून घेऊ नये. विचारणाऱ्या काकीला शनिवारी तिसऱ्या मिळायच्या असतात, सोमवारी तिचा उपवास असतो, आणि या दोहोंमध्ये तुम्हाला जेवायला बसवायचे असते. उत्तर वार सांगून द्यावे. ‘बघू’ म्हणणाऱ्यास बोलावणे येत नाही.

नियम ५ : राजकोट

आमच्याकडून राजकोटाच्या बाजूला पूर्वी गुरे जात, गळ टाकून बसणारे जात आणि अभ्यासाच्या नावाने घराबाहेर पडलेली मुले जात. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, तिथे पंतप्रधानांच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. एवढ्या अवधीत मेढ्याने बंदोबस्त पाहिला, वाहिन्यांच्या छत्रीवाल्या गाड्या पाहिल्या, आता सहली पाहतो आहे.

या विषयावर अर्जदाराने पाणंदीत मत देऊ नये. इथे सर्व बाजूंची माणसे राहतात आणि त्यांची विहीर एकच आहे. कोणी राजकोटची वाट विचारल्यास हाताने दिशा दाखवावी. जीभ वापरू नये.

नियम ६ : होमस्टेसमोर हळहळणे

हा नियम महत्त्वाचा असल्याने थोडा विस्ताराने.

समोरच्या घराची पडवी अर्जदाराला आठवते ती अशी : शेणाने सारवलेली, खुंटीला जाळे, कोपऱ्यात सोलायच्या नारळांचा ढीग. आता तिथे लादी आहे, बाहेरून जिना चढवून वर खोल्या काढल्या आहेत, आणि जाळ्याच्या त्याच खुंटीवर केशरी लाइफ जॅकेटे निथळत असतात. दारावर फलक : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन, किल्ला दर्शन.’ अर्जदार हा फलक मोठ्याने वाचतो, मान हलवतो आणि म्हणतो, “सगळ्याचा धंदा करून टाकला रे.”

म्हणण्यास हरकत नाही, आवाज बेताचा असावा. आत काकी असते. सकाळी पाहुण्यांना घावणे-चटणी, दुपारी ताटे, रात्री पुन्हा ताटे. नारळ खवून खवून तिच्या अंगठ्याला चीर पडली आहे, ती मे महिना संपेपर्यंत भरत नाही. सोलकढी पाट्यावर वाटलेली म्हणून वाढते, वाटते मिक्सरवर. हे गुपित पाणंदीबाहेर गेलेले नाही आणि अर्जदाराने ते नेऊ नये.

तिच्या मुलाचेही बारावीनंतर मुंबईचे ठरले होते. कांदिवलीला मामाकडे राहायचे, कुठल्याशा गोदामात लागायचे. तेवढ्यात तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा केंद्र निघाले. पोरगा पाण्यात उतरला तो पाण्यातच राहिला. आता सकाळी सिलिंडर चढवून बोट काढतो, मे संपत आला की बोट वर ओढून घराची कौले परततो, आणि रात्री आईच्या समोर बसून जेवतो. आमच्या वेळी या पाणंदीत रात्री जेवायला कोण असायचे? म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि मी.

तू गेलास तेव्हा तुझी ट्रंक एसटी स्टँडपर्यंत मीच नेली होती. तेव्हा त्या पडवीला शेणच होते, जाळेही खुंटीवर होते, सगळे तुला हवे तसेच होते. त्यातले काही तुला ‘राहा’ म्हणाले नाही. जिने तुला ठेवून घेतले नाही ती पडवी तुझ्यासाठी तशीच ठेवायची, हा हट्ट कोणाकडे धरतोस?

असो. मार्गदर्शिकेत व्यक्तिगत उल्लेख येऊ नयेत.

नियम ७ : नाहीशी झालेली झाडे

झाडासाठी हळहळण्यापूर्वी ते कसे गेले याची चौकशी करावी. पाणंदीच्या तोंडाचा आंबा मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात आडवा झाला, जाताना विजेच्या तारा घेऊन. नंतर कित्येक दिवस अंधार. विहिरीवरचा रहाट पुन्हा करकरू लागला, ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या पडवीत सगळ्यांचे फोन रांगेने पडून राहिले, आणि हद्दीच्या वादावरून वर्षानुवर्षे अबोला असलेली दोन घरे कोयते घेऊन एकाच फांदीला भिडली. वीज आली तसा अबोलाही परत आला.

फाटकाजवळचा कापा फणस मात्र वादळाने पाडलेला नाही. तो गाडी वळत नाही म्हणून पाडला. कोणाची गाडी, ते नियम ३ मध्ये आले आहे.

नियम ८ : मासे

‘तेव्हा सुरमई कितीला मिळायची’ हे वाक्य मासेवालीसमोर उच्चारू नये. तीही जुने दर जाणते, आणि अर्जदाराचा जुना पगारही अंदाजाने सांगू शकते. सुरमईचा भाव पाहुण्यांच्या गर्दीवर चढतो. घरात खाणाऱ्याने बांगडा, पेडवे, सौंदाळे यांच्याकडे वळावे. कल्ला उघडून पाहावा, आतून लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर पुढच्या टोपलीकडे सरकावे, पण सरकताना हसावे, उद्या पुन्हा तिच्याकडेच यायचे असते. बांगड्याच्या आमटीत तिरफळे हवीतच. ती चावायची नसतात, हे वहिनीच्या माहेरच्यांना आधी सांगून ठेवावे. मागे एकदा जीभ बधिर झाली म्हणून डॉक्टर शोधावा लागला होता.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सरकारी आहे. त्या काळात ताजा मासा मिळाला नाही म्हणून ‘मालवण संपलं’ असे जाहीर करू नये. खारा बांगडा भाजावा, पेज घ्यावी आणि गप्प बसावे.

नियम ९

दुपारी एक ते चार हळहळू नये. बाजारपेठ झोपलेली असते आणि मीही.

नियम १० : येण्याचे मार्ग

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, ती कुडाळावरून गेली. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडला. महामार्गाचे काम चालू आहे. कशानेही आले तरी शेवटचा तुकडा एसटीचा किंवा रिक्षाचा, म्हणून भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडू नये. तो शाळेत अर्जदाराच्या मागच्या बाकावर होता आणि त्याला सगळे आठवते.

नियम ११ : न बदललेले मालवण

ते पाहायचे तर मे महिन्यात येऊ नये. दिवाळीच्या पाडव्याला देव रामेश्वर आणि नारायण पालखीतून गाव फिरायला निघतात, त्या दिवशी यावे. त्या रात्री बाजारपेठेत घरी जायची घाई कोणालाच नसते. नारळी पौर्णिमेला यावे. बाजारातून मिरवणूक बंदरावर जाते, समुद्राला नारळ पडतो आणि मग किनाऱ्यावर नारळ लढवायला सुरुवात होते. हल्ली त्यात बायकांच्याही स्पर्धा असतात आणि बघ्यांची गर्दी तिकडे जास्त. हा बदल हळहळीच्या यादीत धरू नये. समोरची काकी त्यात उतरते.

अडचण अशी की या दोन्ही दिवशी अर्जदार नसतो. त्याची रजा मे महिन्यात आणि गणपतीत संपते. म्हणजे जे बदलले तेवढेच त्याच्या वाट्याला येते आणि जे राहिले ते आम्ही पाहतो. हे काही न्यायाचे नाही, आणि त्यावर या मार्गदर्शिकेत उपाय नाही. दादा आषाढातच लहान, जाड करवंटीचा नारळ हेरून माळ्यावर लपवायचा. समोरच्याचा नारळ कुठे ठोकायचा ते त्याला बरोबर कळायचे. बंदरावर त्याचा नारळ फुटलेला मी पाहिलेला नाही. आमच्या घरात तो हात दुसऱ्या कोणाला आला नाही.

नियम १२ : खर्च

हळहळीस शुल्क नाही. घराला आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, कौले, आणि वाळवी लागलेले वासे. अर्जदार दरवर्षी निघताना सांगतो, “घराला हात लावू नको, आहे तसंच राहू दे.” वाळवीला हे कोणी सांगितलेले नाही.

सबब, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायचे ठरवले आहे. लादी, खोलीला लागून न्हाणीघर, आणि बाहेर एक फलक. घर सामायिक असल्याने अर्जदाराची संमती लागते. कागद टपालाने पाठवला आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही करावी आणि वहिनीला आधी वाचायला द्यावा, कारण ती लवकर हो म्हणेल. मे महिन्यात एक खोली तुझ्यासाठी राखून ठेवीन, भाडे घेणार नाही. एसीचे तेवढे वेगळे पडतील.